अकरा नंबरचा बिल्ला

आमच्या घरात हेडफोन कानाला लावण्याआधी मला विचारायचं, असा नियम मी केला होता. घरात माणसं दोनच, मी आणि माझे वडील. म्हणजे नियम कुणासाठी होता ते सांगायला नको. आबांनी तो पहिल्याच दिवशी मोडला आणि मी त्यांना अडवलं नाही, कारण हेडफोन त्यांच्या हातात मीच दिला होता.

आबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाच्या वराती, गणपतीच्या मिरवणुका, कुणाच्या निवडणुकीचा गुलाल. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत पस्तीस वर्षं त्यांनी रस्त्यावर काढली. चालताना मोठा ढोल कायम त्यांच्या डाव्या अंगाला. पुढे मिरवणुकांत स्पीकरच्या भिंती आल्या, त्याही डावीकडेच. डावा कान एका दिवसात गेला नाही, पण गेला. राहिला उजवा. कानाच्या डॉक्टरांनी त्याचा आलेख काढून मला दाखवला आणि शांतपणे सांगितलं, की हा कान वयाच्या मानाने चांगला आहे, पण एखादा मोठा दणका बसला तर तोही हातचा जाईल. आबा मान हलवत होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं, कारण डॉक्टर त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. मी मात्र पूर्ण ऐकलं होतं.

मी जात्याच भित्री. कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघणार. गॅस बंद केला आहे हे माहीत असताना तो बंद आहे का बघणार. आई होती तेव्हा म्हणायची, हिला सासर नको, हिला पहारेकऱ्याची नोकरी द्या. तशीच नोकरी मी धरली म्हणायची. मी संगीताच्या सॉफ्टवेअरचं काम करते, कसबा बावड्यातल्या आमच्याच घरात माडीवर बसून.

हे काम काय ते सांगते. गाणं रेकॉर्ड करायचा एक मोठा प्रोग्राम असतो. आमच्या धंद्यात त्याला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. त्याच्यात दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेले छोटे प्रोग्राम येऊन बसतात, ते प्लगइन. एक आवाज घुमवतो, एक खरखर काढून टाकतो, एक नुसता प्रतिध्वनी देतो. यजमान एका देशातला, पावणा, म्हणजे प्लगइन, भलत्याच देशातला, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. तरी गाणं चालू असताना त्यांनी सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांशी बोलायचं असतं. कुणी काय विचारायचं, कसं उत्तर द्यायचं, कुणी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, हे सगळं आधी लिहून ठरवावं लागतं. असे नियम ठरवायला आम्ही पाच जण लागलो होतो, चार देशांतले. नियम कुणाच्या मालकीचे नसावेत, कुणालाही वापरता यावेत, एवढाच आमचा हट्ट.

या कामात भित्र्या माणसाला किंमत असते. पावण्याने उत्तरच दिलं नाही तर? अर्ध्या गाण्यात उठून गेला तर? आकड्याच्या जागी भलतंच काही हातात ठेवलं तर? हे प्रश्न मला शिकवावे लागले नाहीत. आमच्यात एक म्हातारा होता, उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड देशातला. त्याचा प्रतिध्वनीचा प्लगइन फार सुरेख होता. तो चेष्टेने म्हणायचा, की कुठलंही प्रकरण लिहून झालं की आधी कोल्हापूरला पाठवा, तिथल्या बाईला त्याची भीती वाटू दे, मग आपण सह्या करू.

आणि जिथे मला भीती वाटली नाही, नेमका तिथेच घात झाला.

प्रत्येक प्लगइनला बटणं असतात. प्रतिध्वनी किती वेळाने परत यावा, तो किती लख्ख असावा, असं एकेक फिरवायचं बटण. गाणं जतन करताना यजमान प्रत्येक बटणाचा आकडा लिहून ठेवतो आणि पुन्हा उघडताना ते आकडे पावण्याला परत देतो. प्रश्न एवढाच होता, की कुठला आकडा कुठल्या बटणाचा हे ओळखायचं कसं. मी म्हटलं, ओळीने. पहिला आकडा पहिल्या बटणाचा, दुसरा दुसऱ्याचा. एकाने विचारलं, की उद्या कुणी मध्येच नवं बटण घुसवलं तर? मी म्हटलं, मध्ये कशाला घुसवेल? नवं बटण नेहमी शेवटी लावायचं, असा नियम लिहू. आणि लिहिला. सगळ्यांनी मान डोलावली.

मला तेव्हा शंका आली नाही याचं कारण माझ्या लहानपणात आहे. मुलीने बँडबरोबर चालायची पद्धत नव्हती, म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बँड बघायची. लाल कोट, सोनेरी पट्टी, आणि ओळी. पहिल्या ओळीत चार, दुसरीत चार. आबा दुसऱ्या ओळीत डावीकडून दुसरे. मी लांबून माणूस ओळखायची नाही, जागा ओळखायची, आणि त्या जागेवर आबाच असायचे. ओळ मोडत नाही, हे मी असं डोळ्यांनी बघून शिकले होते.

बँड सुटल्यावर आबा घरी बसले आणि वर्षभर काही बोलेनात. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, की आमच्या बँडच्या जुन्या चाली कुठंच लिहिलेल्या नाहीत. वरात निघताना वाजवायची वेगळी, नवरी उतरताना वेगळी, आणि माणूस गेला तर त्याला पोचवताना वाजवायची आणखी वेगळी. अशा बावीस. आता त्या वाजवणारे दोघंच उरलेत, ते आणि पेठ वडगावचे त्यांचे ट्रम्पेटवाले दोस्त. दोस्ताचे दात गेले, म्हणजे वाजवणारा एकच. मी म्हटलं, रेकॉर्ड करू.

मी खालची मागची खोली तयार केली. खिडक्यांना जुन्या वाकळा टांगल्या, रस्त्यावरच्या ऊसगाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. दाराला आतून कडी, कुणी मध्येच दार ढकलू नये म्हणून. फोन बाहेर स्वयंपाकघरात ठेवायचा, चालीच्या मध्ये वाजू नये म्हणून. वीज गेली तर केलेलं काम जाऊ नये म्हणून खोलीच्या आतच इन्व्हर्टर. आबांना संगणकाची कटकट नको म्हणून रोज सकाळी दहाला तो आपोआप नवीन ते सगळं उतरवून घेईल अशी सोय. एकेक गोष्ट मी भीतीपोटी केली आणि एकेक करून झाल्यावर मला थोडं बरं वाटलं.

एकच गोष्ट मी केली आणि नंतर काढली. आवाज एका मर्यादेपुढे गेला की त्याला दाबणारा अटकाव मी हेडफोनवर बसवला होता. आबांनी दोन दिवस ऐकलं आणि सांगितलं, की क्लॅरिनेटचा दम जातोय, फुंकल्यासारखं वाटतच नाही. मी वाद घातला. ते म्हणाले, मग राहू दे, मला वाजवायचंच नाही. मी अटकाव काढला. बाकी सगळे आमच्या नव्या नियमांचेच प्लगइन होते, म्हातारबुवांचा प्रतिध्वनीही. आबांना तो इतका आवडला की ते त्याला म्हणायचे, आपल्या टाऊन हॉलच्या बागेत वाजवल्यागत वाटतंय.

असे रोज सकाळी अकराला आबा आत जायचे. अकरा म्हणजे अकरा, बँडची शिस्त. आधी आदल्या दिवशीची चाल हेडफोनची एकच बाजू उजव्या कानाला लावून ऐकायची, मग पुढची वाजवायची. मी माडीवर बसून माझं काम करायची, पण अकरा ते साडेबारा माझं अर्धं लक्ष खालच्या खोलीत असायचं.

चौदा चाली झाल्या. पंधरावीच्या मधल्या भागावर आबा अडले, आठवेना. पेठ वडगावच्या दोस्ताकडे बँडची जुनी वही आहे, तिच्यात काहीतरी खुणा असतील, असं ते म्हणाले. सकाळी मीच स्कूटर घेऊन निघाले. आबांना म्हटलं, मी येईपर्यंत आत बसू नका. ते म्हणाले, बरं. ते नेहमीच बरं म्हणतात.

ट्रम्पेटवाल्या काकांनी चहा ठेवायला सांगितला आणि वही काढली. कडा कुरतडलेली, आत शाईने लिहिलेलं. सूर नव्हते, पण कुठल्या चालीत कोण कुठे सुरू करतो, कोण थांबतो, कोण कुणाला धरून वाजवतो ते सगळं होतं. फक्त नावं नव्हती. नुसते आकडे. चार उचलेल, सात थांबेल, अकरा एकटा.

मी विचारलं, हे ओळीतल्या जागेचे आकडे का? काका हसले.

"जागंचं कशाला? बिल्ल्याचं हाईत. अकरा म्हंजे तुझा आबा."

मला बिल्ला आठवत होता. कोटाच्या खिशावर पितळी गोल बिल्ला असायचा, त्यावर आकडा. मी तो शोभेचा समजत आले होते. मी म्हटलं, पण ओळ ठरलेली असायची ना, जागेवरून नसतं का चाललं?

"ओळ व्हय? अगं, ओळ रोज मोडायची. एक आजारी, एक पिऊन पडलेला, एक दुसऱ्या बँडात गेलेला. एक आला न्हाय की मागची सगळी सरकायची. जागंवरनं वाजवलं असतं तर नवरीच्या दारात मयताची चाल वाजली असती. म्हणून बिल्ला. बिल्ला माणसाचा, जागंचा न्हवं. आणि माणूस गेला तरी त्याचा नंबर कुणाला द्यायचा न्हाय. तुझा आबा घरात बसला, पण अकरा नंबर आजबी कुणाच्या कोटावर न्हाय."

चहा आला होता, पण मी कप उचललाच नाही. मला आमचे नियम दिसायला लागले. पहिला आकडा पहिल्या बटणाचा, दुसरा दुसऱ्याचा. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या पोरीला ओळ कधी मोडलेली दिसली नव्हती, कारण त्या जागेवर कुणीही उभं असलं तरी ती त्याला लांबून आबाच समजायची. आणि तेवढ्या भरवशावर मी चार देशांतल्या लोकांना नियम लिहून दिला होता. आता लगेच सगळ्यांना कळवावं म्हणून मी फोन काढला.

फोनवर म्हातारबुवांचा निरोप आधीच येऊन पडला होता, पहाटेचा. प्रतिध्वनीची नवी आवृत्ती दिली आहे, त्यात एक नवं बटण आहे, लोक तेच सगळ्यात जास्त वापरतील म्हणून ते सगळ्यात वर ठेवलं आहे. कोल्हापूरच्या क्लॅरिनेटवाल्यांना कसं वाटतं ते कळवा.

सगळ्यात वर. नियम शेवटी लावा असं सांगत होता, पण तो नियम कुठल्या तरी चाळिसाव्या पानावर होता, आणि तो मोडला तर अडवणारं कुणी नव्हतं.

मी बोटांवर मोजलं. जुनी बटणं चार. पहिलं, आवाज किती वेळाने परत यावा. दुसरं, किती लख्ख. तिसरं, परत आलेला आवाज पुन्हा किती आत सोडायचा. चौथं, शेवटचा एकूण आवाज, तो आबांनी पूर्ण ठेवलेला. आता वर एक घुसल्यावर सगळे एकेक घर खाली सरकले. म्हणजे चौथा आकडा, पूर्ण, जाऊन बसला त्या पुन्हा आत सोडायच्या बटणावर. ते बटण पूर्ण फिरवलं तर आलेला आवाज आहे तेवढाच नाही, थोडा वाढून आत जातो. मग आणखी वाढून. मग आणखी. पाच-सात सेकंदांत क्लॅरिनेटचा एक सूर किंकाळी होतो आणि तिला वर मर्यादा नाही. मर्यादा घालणारा अटकाव मी स्वतःच्या हाताने काढला होता.

घड्याळात अकराला दहा कमी होती. संगणकाने दहा वाजताच नवी आवृत्ती उतरवून घेतलेली असणार.

मी फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजत राहिला असणार, कारण फोन तिथे ठेवायचा नियम माझाच. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा घाईत भलत्याच माणसाला लागला. काका विचारत होते काय झालं. मी वही पिशवीत कोंबली आणि स्कूटरला किक मारली.

पेठ वडगाव ते बावडा हा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या दिवशी तो मी जीव मुठीत धरून केला. ऊसगाड्या एकामागोमाग एक, दोन-दोन ट्रॉल्यांच्या, आणि त्यांना ओलांडायचं मला कधीच धाडस होत नाही. त्या दिवशी ओलांडलं. एकदा समोरून एसटी आली आणि मी ट्रॉलीच्या आणि तिच्या मधून कशी निघाले ते मला आजही सांगता येणार नाही. शिये फाट्याला कडेला थांबून शेजारच्या काकींना फोन केला. काकी, आमच्या घरी जा, आबांना बाहेर काढा, कानाला काही लावू देऊ नका. काकींनी कारण विचारलं नाही, एवढी माझ्या आवाजात भीती असावी.

तीन मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"पोरी, दार वाजवून वाजवून हात दुखला. आतनं कडी हाय."

मी विचारलं, आतून काही आवाज येतोय का?

"न्हाय. काय बी न्हाय."

येणारच नव्हता. हेडफोनमधला आवाज एकट्याचा असतो. मी म्हटलं, काकी, बाहेरचं मेन स्विच पाडा. त्यांनी पाडलं. आणि पाडल्यावर मला आठवलं, की आत इन्व्हर्टर आहे, वीज गेली तरी काम जाऊ नये म्हणून. वाकळा, कडी, फोन, इन्व्हर्टर. आबांच्या आणि माझ्यामध्ये मीच एकेक वीट रचून ठेवली होती. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने रडले, कुणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून.

पंचगंगेच्या पुलावर पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. घरी पोचले तेव्हा काकी पायरीवर बसून होत्या. मी आत धावले, मागच्या खोलीच्या दारावर दोन्ही हातांनी मारलं. "आबा, मी आलो, दार उघडा." आम्ही कोल्हापूरच्या बायका 'आलो'च म्हणतो.

कडी लगेच निघाली. आबा समोर उभे होते, चेहरा नेहमीसारखा. हेडफोन खाली जमिनीवर पडला होता आणि पाण्याचा पेला आडवा. मी पहिला प्रश्न एवढाच विचारला, की कुठल्या कानाला लावला होता.

"डाव्या," आबा म्हणाले. "पडद्यावर कायतरी नवीन आलंय असं दिसत हुतं. बँडात नवा गडी आला की मी त्याला पयल्या दिवशी डाव्या अंगाला उभा करायचो. कसा बी फुंकू दे. तो कान गेलेलाच हाय, त्याचं काय जातंय?"

मी आडवा पेला उचलून सरळ ठेवला. हसले, मग रडले, मग त्यांच्यावर ओरडले, की मी येईपर्यंत बसू नका सांगितलं होतं ना. ते म्हणाले, अकरा वाजले होते. काकींनी मेन स्विच पुन्हा वर केलं आणि घरी गेल्या. दुपारी आबांनी दोन भाकरी खाल्ल्या, वही चाळली आणि पंधराव्या चालीचा मधला भाग सापडला म्हणून खूश झाले. मी देवापुढे दिवा लावला, जो मी एरवी लावत नाही.

संध्याकाळी मी त्या चौघांना लिहिलं. चूक म्हातारबुवांची नव्हती, माझी होती. नियम माणसाच्या चांगुलपणावर टाकला होता. प्रत्येक बटणाला कायमचा नंबर द्यायला हवा, ते वर दिसो की खाली. आणि बटण काढून टाकलं तरी त्याचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. म्हातारबुवांनी उत्तरात फक्त विचारलं, कान ठीक आहे ना. मी लिहिलं, ठीक आहे, डावा होता.

अर्धं वर्ष आम्ही ते सगळं उकलून पुन्हा शिवत होतो. छापून झालेल्या नियमात फिरवाफिरव करणं म्हणजे किती लोकांचं काम मोडणं, ते मी इथे सांगत बसत नाही. त्या दिवसांत आबांच्या बाबतीत एकदोन गोष्टी मला जाणवल्या होत्या. एकेक चाल बसायला महिना लागत होता. टीव्हीचा आवाज वाढला होता. दारात दूधवाला ओरडला तर ते वळायचे नाहीत. मी स्वतःला समजावलं, की वय झालं, आणि तू भित्री आहेस.

शेवटी जुनी गाणी नव्या नियमांत आणायची वेळ आली. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. जतन केलेल्या प्रत्येक गाण्यातला प्रत्येक बटणाचा आकडा तो तारखेप्रमाणे ओळीने छापायचा. तपासायला घरचीच गाणी घेतली, आबांच्या चाली. आकडे बरोबर येत होते. प्रतिध्वनीचे बरोबर, खरखर काढणाऱ्याचे बरोबर. मी खूश होऊन खाली खाली जात होते, आणि यजमानाच्या स्वतःच्या एका बटणापाशी थांबले. हेडफोनचा आवाज. ऐकणाऱ्याने आपल्या कानासाठी किती ठेवला आहे, तो आकडाही गाण्याबरोबर जतन होतो. तो तसा जतन व्हावा ही सूचना माझीच होती.

चौदाव्या चालीपर्यंत तो अडतीस, चाळीस, एकोणचाळीस. त्या दिवसानंतर पंधरावी चाल, छप्पन्न. सोळावी, साठ. अठरावी, पासष्ट.

डाव्या कानासाठी कुणी आवाज वाढवत नाही. त्या कानाला शंभर काय आणि शून्य काय.

मग आठवलं, की त्या दिवशी काकींनी हात दुखेपर्यंत वाजवलेलं दार आबांना ऐकू आलं नव्हतं. मी मारलं तेव्हा कडी लगेच निघाली, कारण तेव्हा ते दाराला हात लावूनच उभे असणार आणि फळी हादरलेली त्यांना हाताला कळली असणार. माझा प्रश्न त्यांनी माझ्या ओठांवरून वाचला असणार. आणि ती डाव्या अंगाला उभं करायची गोष्ट खरीच असेल, पण ती त्यांनी माझ्यासाठी त्या वेळी काढली होती.

मी खाली गेले. अकराला पाच कमी होती. आबा आरामात क्लॅरिनेटची पत्ती ओठांत ओली करत बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं, की आबा, डॉक्टरांकडे एकदा कान दाखवून येऊ.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पत्ती ओठांतून काढली. मी रडून आले आहे हे त्यांना दिसलं असावं.

"तुझ्या त्या कामाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "नंबर आता बदलत न्हाईत न्हवं?"

"न्हाईत, आबा."

"कुणाचाच कुणाला देत न्हाई?"

"न्हाई."

"मग झालं की."

ते उठले. चार चाली अजून राहिल्या होत्या. जाऊन खुर्चीवर बसले, हेडफोन उचलला आणि सरळ उजव्या कानाला लावला. मग आवाजाचं बटण फिरवलं. मी दारातून पडद्यावरचा आकडा बघत होते. एकाहत्तरला त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी मला मान हलवून खूण केली, की आता दार लाव.